रुखवतातला कॉम्प्युटर

शार्शेन उस्ता स्वभावानं फार नम्र. डोंगरमुलखातल्या नारीन गावच्या बाजारात कॉम्प्युटरमधलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, ही गोष्ट तो दिवसातून पाच-सहा वेळाच बोलून दाखवायचा. उस्ता म्हणजे पोचलेला कारागीर. ही पदवी त्याला दिली कुणी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. वीस वर्षांमागं एका गंजक्या लोखंडी कंटेनरला खिडकी पाडून त्यानं दुकान थाटलं, त्या दिवशी पाटी रंगवताना नावामागं ते दोन अक्षरांचं ऐश्वर्य त्यानं स्वतःच्या हातानं चढवून घेतलं होतं.

आता हातात कसब होतं, हे मात्र दुष्मनानंही कबूल करावं. पण ते कसब मेलेल्यांना उठवायचं. राजधानीतल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले, शाळांच्या अडगळीत पडलेले, पोटात उंदरांनी संसार मांडलेले असे कॉम्प्युटर त्याच्याकडं यायचे. तीन मढी उघडून त्यांतून तो एक जिता करायचा. पंख्याला शिलाई मशिनचं तेल, आतल्या पट्ट्यांना खोडरबर, आणि एवढ्यावरही ऐकलं नाही तर बगलेत एक चापट. आलेलं गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून बघत राही. नवंकोरं, खोक्यातून नुकतं निघालेलं यंत्र मात्र वीस वर्षांत त्यानं एकदाही जोडलं नव्हतं. नारीनमध्ये नवं घेतो कोण? आणि आपण हे कधी केलेलंच नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. आपल्याला काय येत नाही याचा हिशेब ठेवायची त्याला सवयच नव्हती.

अलीकडं बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कुबात नावाच्या एका सव्विशीतल्या पोरानं काचेचं दार लावून दुकान टाकलं होतं. राजधानीत सहा महिने शिकून आलेला. तो नव्या कोऱ्या मशिनी जोडून द्यायचा. शार्शेन त्याला 'मोबाईलची कव्हरं विकणारा' म्हणायचा आणि त्याच्या दुकानावरून जाताना मान वळवून समोरच्या कसायाच्या फळीवरचं मांस फार लक्ष देऊन बघायचा.

शार्शेनची धाकटी बहीण केंजेगुल. त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान. शाळा सुटली की ती कंटेनरातच येऊन बसायची, आणि दुरुस्त झालेली मशीन खरंच चालते का हे बघायला शार्शेन तिच्यापुढं गेम लावून द्यायचा. बंदुकांचा. असं बघता बघता ती पोरगी त्यात एवढी तरबेज झाली, की बाजारातली पोरं तिच्याशी खेळायला येईनाशी झाली. घरी जाऊन आईला काय सांगायचं? तिचा नवराही तिला त्याच खेळात भेटला. खिंडीपलीकडच्या आतबाशीचा एर्मेक, गुरांचा डॉक्टर. तोंडही न बघता तीन महिने ती त्याला रोज गोळ्या घालत होती. शेवटी त्यानं शरण येऊन मागणी घातली.

लग्न ठरलं तसं रुखवताचं निघालं. आई बुरुल, तिला सगळे बुरुल-आपा म्हणत, तिनं वीस गाद्या, दोन गालिचे, फ्रिज आणि काचेचं कपाट अशी मनात मांडणी केली होती. केंजेगुल म्हणाली, कपाट नको, खेळायचा कॉम्प्युटर दे. बुरुल-आपा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तयार झाली, पण एका अटीवर. तिकडच्या बाया रुखवताला नखं लावून लावून बघतात. तेव्हा कुठल्याही वस्तूवरचा कंपनीचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा नाही. एक पापुद्रा निघाला, तर मी तुझं कातडं काढीन, असं तिनं शार्शेनला सांगितलं. आणि ती म्हणेल तसं करणारी बाई होती. तिच्या घरातल्या टीव्हीचा रिमोट अकरा वर्षं पिशवीतच होता. सोफ्यावर बसलं की करकर वाजायचं आणि फ्रिजचं दार आजही दुकानात असल्यासारखं निळं दिसायचं.

शार्शेननं सीमेपलीकडून एकेक भाग मागवला आणि तीन दिवस दुकानाचं दार लोटून घेऊन यंत्र जोडलं. आईच्या शब्दाबाहेर तो गेला नाही. काचेवरचा, पडद्यावरचा, ग्राफिक कार्डाच्या चकचकीत पाठीवरचा, एवढंच काय, आतल्या ज्या भागांकडं जन्मात कुणाची नजर जाणार नाही त्यांच्यावरचासुद्धा पापुद्रा त्यानं सुरकुती न पडू देता राखला. चालू करून बघितलं. सात रंगांचे दिवे लागले. पंखे फिरले. गेम लावून बघावा असं मनात आलं होतं, पण बुरुल-आपा म्हणाली, दुसऱ्याच्या घरात जायची वस्तू आपण उष्टी करायची नाही. म्हणून पाच मिनिटं दिवे बघून त्यानं बंद केलं आणि बाजारात सगळ्यांना सांगत सुटला, की असलं यंत्र नारीन जिल्ह्यात दुसरं नाही.

नोव्हेंबरअखेर लग्न झालं. रुखवत मांडलं. आतबाशीच्या बायांनी नखं लावून बघितली आणि पापुद्रे बघून माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी केंजेगुलनं यंत्र चालू केलं, एर्मेकचे चार दोस्त नव्या वहिनीचा पराक्रम बघायला मांडी घालून बसले, आणि पहिलं मिनीटभर तिनं अशी काही दाणादाण उडवली की दोस्तांचे चहा हातात राहिले. मग पडद्यावरचा तिचा माणूस गुडघाभर चिखलात उतरल्यासारखा चालायला लागला. सेकंदाला एकशे चाळीस चित्रं पळत होती, ती अकरावर आली. बंदूक उचलेपर्यंत समोरच्यानं तिला दोनदा मारलं. दोस्त लोक सभ्य होते, कुणी हसलं नाही. बाहेर अंगणात जाऊन हसले.

मग फोन सुरू झाले. शार्शेननं सांगितलं ड्रायव्हर नवा टाक. टाकला. सगळं पुसून पहिल्यापासून भर. भरलं. पडद्याची तार कार्डातच खोचली आहेस ना? शेंबड्या पोराला विचारायचा प्रश्न बहिणीला विचारला, म्हणून तिनं दोन दिवस फोन घेतला नाही. गेममधली सावली काढ, पाणी काढ, गवत काढ. काढता काढता डोंगर तेवढे राहिले, तरी माणूस चिखलातच. यंत्र पहिलं मिनीटभर शर्यतीच्या घोड्यासारखं उधळायचं आणि मग बसकण मारायचं.

गुरांच्या डॉक्टरला दुसरं काय सुचणार? त्यानं फोनवर विचारलं, "बाइके, ह्याचा ताप बघायचा का? जनावर असं करतंय तवा मी आदी ताप बघतो."

बाइके म्हणजे दादा. पण हे दादा तिकडून एवढे हसले, की फोनचा कर्णा फुटायचा राहिला. आतबाशीत त्या दिवशी उणे सत्तावीस होतं. नव्या जोडप्याच्या खोलीत रात्री ठेवलेलं तांब्यातलं पाणी सकाळी फोडावं लागत होतं. असल्या खोलीत कॉम्प्युटर तापतो म्हणणाऱ्या जावयाचं डॉक्टरकीचं सर्टिफिकेट एकदा बघायला पाहिजे, असं त्यानं संध्याकाळी बाजारातल्या चारचौघांत सांगितलं. ताप विषय तिथंच मिटला.

उरली वीज. हिवाळ्यात घरोघरी शेगड्या लागतात, तारेतला जोर जातो, यंत्राला पुरेशी वीज मिळत नसणार, असं निदान शार्शेननं केलं आणि छातीठोकपणे कळवलं. आता यात एक गोम होती. एर्मेकचा बाप मुकाश हा एकतीस वर्षं घरोघरचे वीज मीटर तपासत फिरलेला माणूस. पेन्शनीत आला तरी वीज त्याची खाजगी मालमत्ता होती. व्याह्यानं आपल्या घरातल्या विजेला नावं ठेवली, हे ऐकून त्यानं टोपी घातली, विजेचा दाब मोजायचा आपला जुना डबा काढला आणि दोन दिवस सुनेच्या कॉम्प्युटरशेजारी स्टूल टाकून बसला. दर तासाला आकडा वहीत. दोनशे एकोणीस. दोनशे एकवीस. दोनशे वीस. मग त्यानं वहीचा फोटो काढून पाठवला आणि खाली सांगावा धाडला, की माझ्या घरात वीज कमी पडत नाही, कुठं कमी पडत असेल तर ती कुदाच्या टाळक्यात पडत असेल. कुदा म्हणजे व्याही; तिकडं सुनेचा थोरला भाऊही व्याहीच. व्याह्याचा आब राखून त्याहून वाईट बोलता येत नव्हतं, नाहीतर बोलला असता.

एवढं झाल्यावर शार्शेननं स्वतःच जायचं ठरवलं. पाऊण तासाची वाट, खिसाभर पेचकस, तासाभराचं काम. पण सख्खा व्याही बहिणीच्या सासरी नुसता पेचकस घेऊन जाईल कसा? बुरुल-आपानं पोतंभर बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले, व्याह्याला टोपी, विहिणीला रुमाल, असं सगळं बांधून दिलं. तिकडं पोचला तर अंगणात मेंढी उलटी टांगलेली. त्याला आत नेऊन दारापासून सगळ्यांत लांबच्या मानाच्या जागी बसवलं. चहा झाला. मग मांस झालं. मेंढीचं डोकं त्याच्यापुढं आलं, ते कापून त्याचे कान कुणाला, डोळा कुणाला हे वाटण्यात एक तास गेला. कॉम्प्युटर भिंतीपलीकडं. मध्ये एकदा त्यानं घसा खाकरून विषय काढला, तर मुकाश म्हणाला, माझ्या घरात पाहुणा टेबलाखाली शिरून काम करणार असेल तर मी आधी गाव सोडतो. तासाभरानं शार्शेन लघवीचं निमित्त काढून उठला, बहिणीची खोली वाटेतच होती. पण अंगणात बर्फ, व्याही घसरू नये म्हणून खुद्द मुकाश त्याचा दंड धरून तिथपर्यंत पोचवायला आणि परत आणायला. सांजेला अंगात मखमली डगला घालून, ढेकर देत, त्याला गाडीत बसवून दिलं. खिशातला पेचकस खिशातच.

वर आता उलट बोलावणं अंगावर आलं. मुकाश आणि आनीपा, म्हणजे विहीणबाई, यांना नारीनला बोलवा, मेंढी कापा, डगला द्या. त्यात पंधरा दिवस गेले. आनीपा गोड बाई. तिनं जेवता जेवता सुनेचं कौतुक केलं, गाद्यांचं केलं, फ्रिजचं केलं आणि पाणी पिताना सहज म्हणाली, की तेवढा कॉम्प्युटर जरा आमच्या म्हाताऱ्या बैलावाणी चालतो, पण म्हणून काय झालं. रविवारी बाजारातल्या त्या काचेच्या दारवाल्या पोराला बोलावलंय, तो बघून जाईल. तो काय पाहुणा नाही, त्याला काम करू देता येतं.

शार्शेननं हातातलं हाड परत ताटात ठेवलं. कुबात त्याच्या हातचं यंत्र उघडणार. त्यात काय असेल ते त्याला सापडणार, आणि सोमवारी दुपारपर्यंत बाजारातल्या कसायापासून केरवालीपर्यंत सगळ्यांना कळणार, की शार्शेन उस्ताला सख्ख्या बहिणीच्या रुखवतातलं यंत्र धड जोडता आलं नाही. वीस वर्षांची पाटी. ती काढून कंटेनराचा गंज झाकायला तरी वापरावी लागली असती.

त्या रात्री त्याला झोप आली नाही, असं म्हणता येणार नाही. मांस खूप झालं होतं, झोप आली. पण सकाळी उठल्या उठल्या त्यानं बहिणीला फोन केला. म्हणाला, तूच घेऊन ये इकडं.  केंजेगुल म्हणाली, शुद्धीवर आहेस का. रुखवत एकदा सासरच्या उंबऱ्यातून आत गेलं की ते माहेरी परत येत नाही. ते परत येतं ते पोरगी परत येते तेव्हाच. मी कॉम्प्युटर घेऊन बाजारात उतरले, तर माझा काडीमोड झाला असं नारीनचं पोर न् पोर सांगेल.

म्हणजे यंत्र त्याच्याकडं येऊ शकत नव्हतं, आणि तो यंत्राकडं गेला की मेंढी मध्ये यायची. शेवटी जावयानं तोड काढली. दोन्ही गावांच्या मध्ये किझिल-बेलची खिंड, तिच्या पायथ्याला झुराकान नावाच्या बाईचं चहाचं घर. तिथं वीज आहे, टेबल आहे, आणि ते कुणाचंच सासर नाही. शनिवारी दुपारी तिथं गाठ घालायची, उघडायचं, बघायचं, चार वाजेपर्यंत यंत्र घरात. म्हाताऱ्यांना सांगायचं, एका मेंढीचं औषध आणायला चाललो.

बेत चांगला होता. फक्त यंत्राला थंडीनं काही होऊ नये म्हणून केंजेगुलनं ते आपल्या रुखवतातल्या लाल गादीत गुंडाळलं, आणि ती गादी छातीशी धरून ती गाडीत बसली तेव्हा समोरची शेजारीण शेणाच्या गोवऱ्या काढत होती. तिनं गादी बघितली. गादीत कॉम्प्युटर बघितला. गाडीचं तोंड नारीनकडं बघितलं. गाडी गावाबाहेर पडायच्या आत आनीपाला कळलं की सून रुखवत घेऊन निघाली, आणि आनीपानं रडत बुरुल-आपाला फोन लावून विचारलं, की आमच्याकडून काय चुकलं ते तरी सांगा. बुरुल-आपाला काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून तिनं चुलीवरचं दूध तसंच ठेवलं, नेसत्या कपड्यांवर कोट चढवला आणि शेजाऱ्याची गाडी काढायला लावली.

इकडं चहाच्या घरात शार्शेननं यंत्र टेबलावर आडवं केलं, एर्मेकनं गाडीतून पडदा आणि कळफलक आणून ठेवला. लावून बघितलं. एक मिनीट, आणि बसकण. त्यानं बंद करून बगलेची काच काढली आणि सहज आत हात घातला. प्रोसेसरच्या डोक्यावरच्या पंख्याखाली तांब्याचा एक ठोकळा असतो, प्रोसेसरची ऊब शोषून घेणारा. प्रोसेसराजवळ बोट गेलं आणि त्यानं ते तोंडात घातलं. खिडकीबाहेर उणे पंचवीस. भाजलं होतं.

चार स्क्रू काढून त्यानं ठोकळा उचलला आणि उलटा केला. तांब्याच्या बुडाला एक पातळ, आरपार दिसणारा पापुद्रा चिकटलेला होता. मधोमध तपकिरी झालेला, जसा तव्यावरचा कागद. कडेला लाल चिनी अक्षरं चार. जोडताना त्यानं ती बघितली होती, कंपनीचं नाव असणार म्हणून जपली होती. दोन महिने प्रोसेसराची सगळी ऊब त्या प्लॅस्टिकला धडका मारत परत फिरत होती, आणि जीव जाऊ नये म्हणून बिचारा आपला वेग कमी करत होता.

एर्मेक बाहेर गाडी चालू ठेवायला गेला होता. केंजेगुल समोरच उभी होती. भावाचं तोंड बघून तिला सगळं कळलं. ती कंटेनरात वाढलेली.

"बाइके, खिशात घाल ते," ती हळू आवाजात म्हणाली. "म्या काय बी बघितलं न्हाई. पेस्ट सुकली व्हती म्हणून सांगू."

त्यानं पापुद्रा ओढून काढला आणि खिशात घातला. तांबं पुसलं, प्रोसेसरची ऊब ठोकळ्यात उतरवणारी पेस्ट नव्यानं लावली, ठोकळा पुन्हा बसवला. स्क्रू चारही सरळ बसले. एर्मेकची गाडी रस्त्यावरूनच दिसत होती; एवढ्यात दार उघडलं. आधी गार वारा आला, त्याच्यामागं मुकाश, आनीपा, त्यांच्यामागं एर्मेकचे दोन चुलते, आणि अंगणात दुसरी गाडी थांबून तिच्यातून बुरुल-आपा. चहा प्यायला बसलेले दोन ट्रकवाले उठायला निघाले होते, ते परत बसले.

आनीपानं सुनेचे हात धरले. गादी पातळ होती का, चहाला कुणी काही बोललं का, एर्मेकनं हात उचलला का, एकापाठोपाठ एक विचारत सुटली. एर्मेक दारात उभा राहून आपण हात कधी उचलला ते आठवत होता. बुरुल-आपा नुसती लेकीकडं बघत होती. मुकाश मात्र शांत होता, आणि तेच वाईट होतं. म्हणाला, रुखवत माझ्या उंबऱ्याबाहेर माझ्या माघारी गेलं. मेंढीच्या औषधाच्या नावानं गेलं. का गेलं, एवढं कळू दे.

केंजेगुल म्हणाली, धूळ काढायला आणला होता.

"नव्या वस्तूची धूळ," मुकाश म्हणाला. "चोरून. खिंडीत. सूनबाई, म्या एकतीस वर्सं लोकांच्या घरात मीटर बघितल्यात. दार उघडणाऱ्याच्या तोंडावरनं मला कळायचं, आत मीटर चुकवून तार टाकल्या का न्हाई."

चुलत्यांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण खाली बघत म्हणाला, की माहेरची ओढ आहे, दुसरं काय. असल्या वाक्यातून काडीमोडाला वाट किती सोपी असते, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. केंजेगुल उभी होती. आता काहीही सांगितलं असतं तरी ते दुसरं खोटं ठरलं असतं.

शार्शेननं खिशात हात घातला. तेवढी मिनिटं त्याच्या मनात बहिणीचाच विचार होता, असं सांगितलं तर छान दिसेल. पण खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांपुढं आधी कुबातचं काचेचं दार आलं, मग आपली पाटी, मग कसायाचं हसणं. बहीण चौथ्या नंबराला आली. पण आली.

त्यानं पापुद्रा काढून टेबलावर, चहाच्या पेल्यांच्या मधोमध ठेवला.

"कुदा, पोरीचा दोष न्हाई. तुमच्या घराचा न्हाई. ह्यो पापुद्रा जोडायच्या आदी काढायचा असतो. म्या काढला न्हाई." एवढं बोलून तो थांबला. पुढचे शब्द वीस वर्षांत त्यानं कधी वापरले नव्हते, त्यामुळं सापडायला वेळ लागला. "मला ठावंच नव्हतं. तिनं माझी अब्रू राखायला हितं आणला."

 ट्रकवाल्यांनी माना उंचावून बघितलं. आनीपानं पापुद्रा दोन बोटांत उचलून खिडकीच्या उजेडाला धरला, वास घेतला आणि परत ठेवला. एवढ्याशासाठी आपण बर्फातून धावत आलो, हे तिच्या चेहऱ्यावर यायला जरा वेळ गेला, आणि आल्यावर ती सुनेच्या गळ्यात पडून दुसऱ्यांदा रडली. पापुद्रे काढायचे नाहीत ही अट जिनं घातली ती बुरुल-आपा झुराकानच्या भट्टीची बांधणी अशा काही आवडीनं निरखत होती, जणू तिला दुसऱ्या दिवशी तशीच घालायची होती. शार्शेननं तिचं नाव घेतलं नाही. उस्ता तो होता, हात त्याचा होता.

"म्हंजी ताप व्हता," एर्मेक म्हणाला.

"व्हता," शार्शेन म्हणाला.

मुकाशनं टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याला पापुद्र्याशी, सुनेशी, काडीमोडाशी आता काही घेणं नव्हतं.

"आन् वीज?" त्यानं विचारलं.

"वीज बरी हाय तुमची."

"बरी न्हाई. चांगली म्हणा. ह्या चारचौघांसमोर."

"वीज चांगली हाय, कुदा."

"आता कसं," मुकाश म्हणाला आणि झुराकानला चहा ओतायला सांगितलं.

केंजेगुलनं यंत्राला काच लावली आणि तिथंच टेबलाशी खुर्ची ओढली. एर्मेकनं फोनवरून इंटरनेट दिलं. एक मिनीट झालं. दोन झाली. दहा झाली. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा एकशे चाळीसवर ठाण मांडून बसला. आतबाशीतले ते चार दोस्त त्या वेळी नेमके खेळात होते. पंधरा मिनिटांत तिनं चौघांना सतरा वेळा मारलं आणि एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. ट्रकवाले आपला माल विसरून मागं उभे होते. आनीपाला खेळातलं काही कळत नव्हतं, पण सून जिंकते आहे एवढं कळत होतं. ती प्रत्येक गोळीला 'शाबास' म्हणत होती.

आता दोन्हीकडचे व्याही एका छपराखाली जमले म्हटल्यावर नुसत्या चहावर उठायचं कसं? झुराकाननं मागं जाऊन मेंढी कापली. डोकं शार्शेनपुढं आलं. या वेळी त्यानं कान कापून मुकाशला दिला आणि मुकाशनं तो न बोलता खाल्ला.

कुबातचं रविवारचं बोलावणं रद्द झालं, पण बाजाराला कळायचं राहिलं नाही. ट्रकवाले नारीनचेच होते. शार्शेन दुकान उघडायला आला, तोवर कसायानं मांसाच्या फळीवर प्लॅस्टिक पसरून ठेवलं होतं. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, आज मांस तापायला नको. केरवालीनं लांबूनच विचारलं, की उस्ता, झाडूवरचं वेष्टन काढून झाडू का तसंच. शार्शेननं दोघांना मान हलवून दाद दिली, कारण दुसरं काही देण्यासारखं त्याच्याकडं नव्हतं. दुपारपर्यंत एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. एका म्हाताऱ्या मास्तराचा जुनाट कॉम्प्युटर होता तो उघडून त्यानं त्याचा पंखा काढला, पुसला, तेल घातलं, परत बसवला, आणि पुन्हा काढून बघितला.

सांजेला बाजार विरळ झाल्यावर दारात कुणीतरी उभं राहिलं. कुबात. शार्शेननं तेलाची बाटली खाली ठेवली आणि वाट बघत बसला. जे ऐकायचं ते आता ऐकायचंच होतं.

कुबातनं मागं वळून कुणी बघत नाही ना ते बघितलं, आत आला आणि दार लोटून घेतलं.

"बाइके, ऐकलं तुमचं," तो म्हणाला, आणि घसा खाकरून खाली बघायला लागला. "त्यो पापुद्रा... पंख्याच्या बाजूला असतो, का प्रोसेसराच्या?"

शार्शेननं त्याच्याकडं बघितलं. पोराच्या कपाळावर उणे पंचवीसमध्ये घाम होता.

"का रं?"

"सहजच," कुबात म्हणाला. "दिवाळं निघंल माझं. म्या आक्टोबरापास्नं अकरा जोडल्यात."

शार्शेन उठला. पहिल्यांदाच त्यानं त्या पोराला बसायला स्टूल दिलं, मास्तराच्या कॉम्प्युटरमधला ठोकळा उलटा करून त्याच्या हातात ठेवला, आणि बोट लावून दाखवलं.